इंदूरच्या गच्चीवरून ताऱ्यांचे वर्णपट: सुरुवात कशी करावी

रामबाग असो की लोकमान्य नगर, इंदूरच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा आता दिसत नाही. निहारिकांचे फोटो काढायचे तर सामान गाडीत घालून जानापावच्या किंवा चोरलच्या बाजूला जावं लागतं. वर्णपटाचं, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या पसरलेल्या रंगपट्टीचं, तसं नाही. ताऱ्याचा प्रकाश चित्रात एका अरुंद पट्टीत उतरतो आणि शहराचा उजेड चित्रभर जवळपास सारखा पसरलेला असतो. पट्टीच्या वर आणि खाली तो उजेड मोजायचा आणि पट्टीतून वजा करायचा, की तारा मोकळा होतो. सहाव्या-सातव्या प्रतीपर्यंतच्या (प्रतीचा आकडा वाढला की तारा अंधूक) ताऱ्यांवर भर वस्तीतून नेटकं काम होतं. शहरात राहणाऱ्या हौशी निरीक्षकाने दुर्बिणीला जोडायचं पहिलं उपकरण ग्रेटिंग असावं, असं ठामपणे सांगावंसं वाटतं.

दुर्बीण ताऱ्यावर लावता येते, कॅमेऱ्याने साधे फोटो काढता येतात, एवढं येत असेल तर पुढचं सगळं शिकण्यासारखं आहे.

काय लागतं

ग्रेटिंग म्हणजे अतिशय दाट समांतर रेषा कोरलेली, प्रकाशाचे रंग पसरवणारी काच. नवख्यासाठी सर्वांत सोयीची म्हणजे इंग्लंडच्या पॅटन हॉक्सली कंपनीची स्टार अ‍ॅनलायझर १००. मिलिमीटरला १०० रेषा आणि सव्वा इंची फिल्टरचे आटे. आयपीसला चंद्राचा फिल्टर लावतात तशीच ती कॅमेऱ्याच्या नोजपीसला (दुर्बिणीत शिरणाऱ्या नळीला) फिरवून बसते. तिच्या रेषांचा उतार असा ठेवलेला असतो की बराचसा प्रकाश एकाच बाजूच्या पहिल्या क्रमात (ताऱ्याच्या ठिपक्याशेजारच्या पहिल्या रंगपट्टीत) जातो, त्यामुळे अंधूक ताऱ्यांवरही हाती काही लागतं. कॅमेरा आणि ग्रेटिंग यांच्यात अंतर फारच कमी मिळत असेल तरच २०० रेषांची घ्यावी.

शाळेच्या प्रयोगासाठी मिळणारी ५०० किंवा १००० रेषांची प्लास्टिकची फिल्म दुर्बिणीमागे लावू नका. वर्णपट इतका लांब पसरतो की लहान सेन्सरच्या बाहेरच पडतो, आणि फिल्ममधून ताऱ्याची प्रतिमाही पुसट होते. डीव्हीडीच्या तुकड्याचंही तेच. त्यावर मिलिमीटरला सुमारे १३५० खाचा असतात. पुठ्ठ्याच्या डब्यातून घरातले दिवे पाहायला तो उत्तम, दुर्बिणीला नाही.

दुर्बीण ४ ते ८ इंचांची कुठलीही चालते. एफ/६ ते एफ/१० (नाभीय अंतर भागिले भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) ही रेंज सोयीची. एफ/५ च्या न्यूटोनियनवरही (आरशाच्या दुर्बिणीवरही) वर्णपट मिळतो, पण ग्रेटिंगवर फार तिरके किरण पडल्यामुळे वर्णपटातल्या रेषा थोड्या पसरतात. साध्या दोन भिंगी अपवर्ती दुर्बिणीत निळ्या-जांभळ्याचा फोकस वेगळ्या जागी पडतो. त्यामुळे वर्णपट लाल भागात बारीक आणि जांभळ्या टोकाला माशाच्या शेपटीसारखा रुंद दिसतो. हा तुमचा दोष नव्हे, भिंगाचा आहे. आरशाच्या दुर्बिणीत ही अडचण येत नाही.

कॅमेरा शक्यतो मोनोक्रोम घ्या. रंगीत कॅमेऱ्यानेही काम होतं, पण प्रत्येक पिक्सेलवर रंगाचा फिल्टर असल्यामुळे पट्टीतल्या उजेडाचा जो आलेख काढतात त्यात त्याचे तीन उंचवटे येतात आणि ते नंतर काढावे लागतात. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर एच-अल्फाच्या (हायड्रोजनच्या लाल रेषेच्या) भागातला बराच प्रकाश अडवतो. ग्रह टिपण्यासाठी घेतलेला २.९ किंवा ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा छोटा कॅमेरा घरात असेल तर तोच वापरा, नवा घेण्याची गरज नाही.

अंतराचं गणित

खरेदीच्या आधी हे एक गणित करा. एका पिक्सेलवर किती अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक, नॅनोमीटरचा दहावा भाग) पडतील हे असं काढतात:

१०,००० × पिक्सेलचा आकार (मायक्रॉन) ÷ (मिलिमीटरमागे रेषा × ग्रेटिंग ते सेन्सर अंतर, मिलिमीटरमध्ये)

पिक्सेल २.९ मायक्रॉन, रेषा १०० आणि अंतर ४० मिलिमीटर असेल तर उत्तर ७.२५ अँगस्ट्रॉम प्रति पिक्सेल. म्हणजे ७००० अँगस्ट्रॉमचा लाल प्रकाश ताऱ्याच्या मूळ ठिपक्यापासून सुमारे ९६५ पिक्सेल दूर पडेल. सेन्सर १९३६ पिक्सेल रुंद असेल तर ठिपका आणि संपूर्ण वर्णपट दोन्ही मावतात, आणि ते दोन्ही एकाच चित्रात असणं फार महत्त्वाचं आहे. १२८० पिक्सेल रुंद, ३.७५ मायक्रॉनच्या सेन्सरला तेच ४० मिलिमीटर अंतर ९.४ अँगस्ट्रॉम देतं. तेही चालतं. एकंदर ७ ते १० च्या दरम्यान राहा.

अंतर वाढवायचं असेल तर नोजपीस आणि ग्रेटिंग यांच्यात एक्स्टेंशन नळी घाला. मात्र सेन्सर कॅमेऱ्याच्या तोंडापासून किती आत आहे तेही मोजणीत धरावं लागतं. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत ते अंतर उत्पादक देतात, आणि ते विसरलं की गणित पंधरा-वीस टक्क्यांनी चुकतं.

किती बारीक रेषा दिसतील हे मात्र निव्वळ या आकड्यावर ठरत नाही, ताऱ्याची प्रतिमा किती मोठी पडते त्यावरही ठरतं. फट (प्रकाश अरुंद करून आत सोडणारी चीर) नसलेल्या या पद्धतीत ताऱ्याचा ठिपका हीच फट. १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) प्रतिमा सेन्सरवर साधारण १४.५ मायक्रॉनची पडते, म्हणजे ५ पिक्सेल, म्हणजे ३६ अँगस्ट्रॉम. ताऱ्याच्या वेगामुळे रेषा जागेवरून सरकतात, आणि एच-अल्फापाशी हे सेकंदाला सुमारे १६५० किलोमीटर वेगाइतकं होतं. तेव्हा एखादा तारा आपल्याकडे सेकंदाला २० किलोमीटरने येतो आहे हे स्टार अ‍ॅनलायझरने मोजता येणार नाही. नोव्हाचं (अचानक उजळणाऱ्या ताऱ्याचं) हजारो किलोमीटर वेगाने फुगणारं कवच मात्र मोजता येईल. अपेक्षा आधीच नीट बांधली की निराशा होत नाही.

दुर्बिणीआधी दाभण

ताऱ्यावर जाण्याआधी दोन संध्याकाळी घरीच घालवा. साधा डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स, आणि लेन्ससमोर काळ्या पुठ्ठ्याच्या चकतीत बसवलेली ग्रेटिंग. इथे सूत्रातलं अंतर म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर, त्यामुळे ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला ८.६ अँगस्ट्रॉम मिळतात.

पाच-सात मीटरवर एक चकचकीत दाभण उभं करा, मागे काळं कापड. बाजूने सीएफएलचा उजेड पाडा. ड्रॉवरमध्ये एखादा जुना सीएफएल अजून सापडतो, नाहीतर जेल रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारा. दाभणावर उजेडाची एक बारीक उभी रेघ चमकते. ग्रेटिंग अशी फिरवा की रंग बरोबर आडवे पसरतील. रेघ उभी आणि पसरण आडवी, तरच रेषा बारीक येतात. चित्रात पाऱ्याच्या ४३५८ आणि ५४६१ अँगस्ट्रॉमच्या रेषा सुट्या दिसतील. ६११० च्या आसपासचा तांबडा पट्टा दिव्याच्या आतल्या लेपाचा. त्याच जागी एलईडी बल्ब धरला तर रेषा नाहीत, ४५०० च्या आसपास निळा उंचवटा आणि पुढे सलग पिवळा-तांबडा फुगवटा. नव्या माणसाला उत्सर्जनरेषा आणि सलग वर्णपट यांतला फरक यापेक्षा चांगला कुठेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दाभणावर ऊन पाडा. सूर्याच्या काळ्या शोषणरेषा दिसतील: ५८९३ ची सोडियमची जोडी (एकच रेषा दिसेल), ५१७० जवळ मॅग्नेशियम, ४८६१ ला हायड्रोजन, ४३०० चा पट्टा, आणि जांभळ्या टोकाला ३९६८ व ३९३४ च्या कॅल्शियमच्या. दुर्बीण किंवा लेन्स थेट सूर्याकडे रोखायची नाही, ग्रेटिंग लावलेली असली तरी नाही. ग्रेटिंग म्हणजे सूर्याचा फिल्टर नव्हे.

दाभणाचा सराव झाला की फोकस, फिरवणं, सॉफ्टवेअरमधून आलेख काढणं, हे सगळं उजेडात शिकून झालेलं असतं.

पहिली रात्र

पहिला तारा अ-वर्गाचाच (तापमानानुसार केलेल्या वर्गांतल्या A चा) घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी अभिजित, जानेवारीपासून व्याध. या ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक असतात, आणि त्यांची जागा पक्की माहीत आहे: एच-अल्फा ६५६२.८, एच-बीटा ४८६१.३, एच-गॅमा ४३४०.५, एच-डेल्टा ४१०१.७ अँगस्ट्रॉम.

आधी ग्रेटिंगशिवाय ताऱ्यावर दुर्बीण लावून फाइंडर जुळवून घ्या. मग ग्रेटिंग लावा. पडद्यावर एक प्रखर ठिपका (शून्य क्रम) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या दिसतील. जास्त उजळ पट्टी आपली. कॅमेरा नळीत असा फिरवा की ठिपका डावीकडे आणि वर्णपट उजवीकडे जाईल, निळा ठिपक्याजवळ. पट्टी सेन्सरच्या ओळीला समांतर येईपर्यंत ग्रेटिंगची चकती थोडी थोडी फिरवा. एखाद-दोन अंशांचा तिरपेपणा सॉफ्टवेअर सरळ करतं, पण जास्त असेल तर सरळ करताना आलेखात खोट्या पायऱ्या तयार होतात. जागा मिळाली की आट्यांवर टेपचा एक तुकडा लावा, म्हणजे पुढच्या वेळी हा खटाटोप नको.

माउंटबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. वर्णपटाची दिशा उत्तर-दक्षिण ठेवा. मोटरच्या गिअरचा दोष तारा पूर्व-पश्चिम हलवतो. पसरणही त्याच दिशेला असेल तर रेषा पुसल्या जातात, तिला काटकोनात असेल तर पट्टी थोडी जाड होते, एवढंच. दिशा शोधायला मोटर बंद करा. पडद्यावर तारा ज्या दिशेने सरकतो ती पूर्व-पश्चिम. ती दिशा उभी येईल असा कॅमेरा ठेवा. याच युक्तीने बिनमोटरची डॉब्सोनियनही चालते: तारा आपणहून सरकतो आणि वर्णपट रुंद पट्टी होऊन उतरतो. तेजस्वी ताऱ्यांना ती पद्धत पुरते.

इंदूरहून ध्रुवतारा जेमतेम २२.७ अंश उंचीवर दिसतो. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी त्याला सहज झाकते. तसं असेल तर ध्रुवीय जुळणी (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे ताऱ्याचं सरकणं पाहून, करा. वर्णपटासाठी ती काटेकोर असण्याची गरज नाही.

फोकस शून्य क्रमाच्या ठिपक्यावर करू नका. ठिपका आणि वर्णपट यांचा फोकस थोडा वेगळा पडतो. एच-बीटाची काळी रेषा सर्वांत अरुंद आणि गडद दिसेल ती जागा खरी. ठिपका जरा फुगलेला दिसला तरी चालेल. हे डोळ्यांनी जमत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये चालू आलेख लावून रेषेची खोली बघत फोकस फिरवा.

कॅमेऱ्यातलं ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, गॅमा आणि व्हाइट बॅलन्स सगळं बंद. गॅमा चालू राहिला तर आलेख दिसायला सुंदर येतो आणि मोजायला निरुपयोगी ठरतो, कारण दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा मिळत नाही. फाइल फिट्स किंवा एसईआर (आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या) स्वरूपात, जेपेगमध्ये नको. वर्णपटातला सर्वांत उजळ पिक्सेल कमाल आकड्याच्या ६०-७० टक्क्यांवर ठेवा. ६ इंची दुर्बिणीला अभिजितसाठी सेकंदाचा एक-दोन दशांश पुरतो. पाचव्या प्रतीच्या ताऱ्याला १०-२० सेकंद लागतात. अशी पन्नासेक चित्रं घेऊन सरासरी काढा, म्हणजे हवेची लुकलुक निघून जाते. शेवटी दुर्बिणीचं झाकण लावून त्याच गेन-एक्स्पोजरची २० काळी चित्रं (डार्क) घ्या.

माळव्याच्या रात्री थंड आणि सुखद, म्हणून तर ‘शब-ए-मालवा’ नावाजलेली. पण गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, आणि एप्रिल-मेमध्ये दहा वाजेपर्यंत त्याच्या वाफा प्रतिमा हलवत राहतात. दुर्बीण स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवा, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब, आणि काम मध्यरात्रीनंतर करा. उन्हाळ्यातली धूळ निळा प्रकाश खाते, आकाश स्वच्छ वाटलं तरी. पावसाळा सरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. डिसेंबर-जानेवारीत दव पडतं, आणि ग्रेटिंगवर दव आलं तर कापडाने पुसायचं नाही. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्यायची.

आलेख काढणं

आरस्पेक हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर नवख्याला सर्वांत सोपं. बास प्रोजेक्ट फुकट आहे आणि थोडं शिकावं लागलं तरी पुरेपूर चांगलं आहे. पायऱ्या दोन्हींत त्याच. चित्रांची सरासरी, डार्क वजा, पट्टी सरळ करणं, पट्टीच्या १०-१५ ओळींची बेरीज, वर-खालच्या रिकाम्या आकाशाची वजाबाकी. वजाबाकीची जागा निवडताना तिथे दुसरा तारा नाही ना, हे पाहा.

आता पिक्सेलला अँगस्ट्रॉम द्यायचे. समजा शून्य क्रम १८० व्या पिक्सेलवर आहे आणि एच-बीटा ८५० वर. फरक ६७०. ४८६१.३ भागिले ६७० म्हणजे ७.२५६ अँगस्ट्रॉम प्रति पिक्सेल. पडताळा लगेच घ्या: या हिशोबाने एच-गॅमा ७७८ वर आणि एच-अल्फा १०८५ च्या आसपास यायला हवी. एखाद पिक्सेल इकडेतिकडे झाला तर ठीक. पाच-सात पिक्सेलांचा फरक असेल तर तुम्ही चुकीची रेषा एच-बीटा समजलात, किंवा सेन्सर तिरका बसला आहे. आणखी एक खूण म्हणजे आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचे ६८७० आणि ७६०० चे पट्टे. ते प्रत्येक ताऱ्यात त्याच जागी येतात आणि ताऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. नवखे पुष्कळदा ७६०० च्या खड्ड्याला ताऱ्याची रेषा समजतात.

एकदा हा आकडा मिळाला की त्याच जोडणीत पुढच्या कुठल्याही ताऱ्याला फक्त शून्य क्रमाची जागा दिली की पुरतं. म्हणूनच ठिपका चित्रात असायला हवा. ग्रेटिंग काढून पुन्हा लावली तर आकडा नव्याने काढा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या पायरीकडे. कॅमेरा हिरव्यात जास्त संवेदनशील, ग्रेटिंग निळ्यात आणि लालमध्ये वेगळी वागते, हवा निळा खाते. या सगळ्यांमुळे कच्च्या आलेखाचा आकार ताऱ्याचा नसतो, तुमच्या यंत्राचा असतो. अभिजितचा कच्चा आलेख घ्या, त्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या पिकल्स या प्रमाण वर्णपटांच्या संग्रहातल्या ए०व्ही (अभिजितच्याच प्रकारच्या) ताऱ्याच्या आलेखाने भागा, आणि आलेला वक्र इतका गुळगुळीत करा की हायड्रोजनच्या रेषांच्या जागी उरलेले काटे पूर्ण निघून जातील. हा झाला यंत्राचा प्रतिसाद-वक्र. दुसऱ्या ताऱ्याचा कच्चा आलेख याने भागला की त्या ताऱ्याचा खरा आकार मिळतो. वक्र नीट गुळगुळीत झाला नाही तर अभिजितच्या रेषा उलट्या होऊन दुसऱ्या ताऱ्यात उत्सर्जनरेषा म्हणून उगवतात.

वक्र त्याच रात्रीचा आणि जवळपास त्याच उंचीवरच्या संदर्भ ताऱ्याचा हवा. व्याध ५० अंशांवर असताना काढलेला वक्र २० अंशांवरच्या ताऱ्याला लावला तर निळा भाग खोटा पडतो. ३९०० च्या खाली आणि ७५०० च्या वर आलेखावर विसंबू नका. वरच्या टोकाला दुसऱ्या क्रमातला जांभळा प्रकाश येऊन मिसळतो: ३८०० अँगस्ट्रॉमचा दुसरा क्रम बरोबर ७६०० च्या जागी पडतो.

खोटी रेषा कशी ओळखावी

फट नसल्यामुळे चित्रातल्या प्रत्येक ताऱ्याचा वर्णपट आणि ठिपका त्याच चित्रात उतरतो. शेजारच्या ताऱ्याचा ठिपका आपल्या पट्टीवर पडला तर आलेखात सुरेख टोकदार उत्सर्जनरेषा दिसते. हंस राशीच्या गर्दीत हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: कॅमेरा आणि ग्रेटिंग दोन्ही मिळून २०-३० अंश फिरवा आणि पुन्हा चित्र घ्या. ताऱ्याची खरी रेषा त्याच तरंगलांबीला राहते, शेजाऱ्याचा ठिपका सरकतो. काही नवीन दिसल्याचं जाहीर करण्याआधी ही तपासणी केलीच पाहिजे.

इंदूरहून काय पाहावं

पहिल्या हिवाळ्यात तापमानाची माळ पुरी करा. राजन्य निळसर ब-वर्गाचा (B), रेषा अरुंद. व्याध अ-वर्गाचा. प्रश्वा फ (F), ब्रह्महृदय ग (G), रोहिणी क (K), काक्षी म (M). आलेख एकाखाली एक ठेवले की हायड्रोजनच्या रेषा अ-वर्गात शिखर गाठून पुढे मावळताना दिसतात, आणि काक्षीत टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद दातेरी पट्टे उगवतात. हायड्रोजन सगळ्यांत भरपूर असूनही रेषा तापमानावर अवलंबून का, याचं उत्तर मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीकरणाच्या समीकरणाने दिलं. ते पानावर वाचण्याआधी स्वतःच्या आलेखात पाहून घ्यावं.

त्यानंतर उत्सर्जनरेषांचे तारे. शर्मिष्ठेतला गॅमा कॅसिओपिया, दुसऱ्या प्रतीचा. इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेकीने १८६६ मध्ये याच ताऱ्यात उजळ हायड्रोजन रेषा पाहिली. ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चकतीमुळे एच-अल्फा खड्ड्याऐवजी टेकडी होऊन येते. अनुराधा नक्षत्राचा तारा डेल्टा स्कॉर्पिआय तर आपल्यासाठी सोयीचाच. २००० साली तो अचानक उजळला आणि त्याच्या एच-अल्फात उत्सर्जन आलं. उत्तर युरोपातल्या निरीक्षकाला तो क्षितिजालगत मिळतो, इंदूरला मध्यमंडळावर (सर्वांत उंच आल्यावर) जवळपास ४५ अंश उंच. मे-जूनमध्ये, पावसाचे ढग येण्याआधी, दर पंधरा दिवसांनी त्याचा एक वर्णपट घेत गेलं तर रेषेची उंची कशी बदलते याची स्वतःची नोंद तयार होते.

फेब्रुवारी-मार्चमधला मान गॅमा व्हेलोरमचा. आकाशातला सर्वांत तेजस्वी वुल्फ-रायेट तारा (बाहेरचे थर उधळणारा अतिउष्ण तारा), आणि इंदूरहून तो दक्षिणेला सुमारे २० अंश उंचीवर येतो. दक्षिणेकडे इमारत नसलेली गच्ची शोधा. ४६५० च्या आसपास आणि ५८०० जवळ कार्बनच्या रुंद उत्सर्जनरेषा आलेखाच्या बाहेर उसळी मारतात. एकदा पाहिलेला हा आलेख विसरता येत नाही. हवेच्या जाड थरामुळे निळा भाग पडतो, म्हणून संदर्भ ताराही तितकाच खाली असलेला घ्या.

हेलियमची ५८७६ ची रेषा उष्ण ताऱ्यांत आणि नोव्हांत भेटते. मराठी घरांत ती विजयदुर्गावर सापडल्याची गोष्ट सांगितली जाते, त्यात दोन ग्रहणं मिसळली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून सौरज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून ग्रहणाशिवाय पाहिला. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ती पिवळी रेषा सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ च्या इतकी जवळ आहे की स्टार अ‍ॅनलायझरमध्ये दोघींतला फरक करता येत नाही. आलेखात तिथे काही दिसलं तर तारा उष्ण आहे की थंड, त्यावरून ठरवा.

उत्तर मुकुट तारकासमूहातल्या, अधूनमधून उजळणाऱ्या टी कोरोनी बोरिआलिसचा एक वर्णपट शांत अवस्थेत घेऊन ठेवाच. १८६६ आणि १९४६ मध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हगिन्सने १८६६ मध्ये त्यात हायड्रोजनच्या उजळ रेषा पाहिल्या. एरवी तो दहाव्या प्रतीचा, म-वर्गाच्या पट्ट्यांचा. ८ इंची दुर्बिणीला काही मिनिटांची अनेक चित्रं लागतात, पण इंदूरहून तो जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे हवेचा त्रास सर्वांत कमी. युरेनसवर मिथेनचे ६१९० आणि ७२५० चे खड्डे सहज येतात, त्याचं बिंब लहान असल्यामुळे रेषा पुसत नाहीत. गुरू-शनी मात्र या पद्धतीला फार मोठे.

पुढे फटीचं यंत्र घ्यायचं असेल तर शेल्याकचं आल्पी ६०० किंवा थ्री-डी प्रिंट करून जुळवायचं स्टारेक्स. त्यासाठी गाइडिंग (तारा फटीवर धरून ठेवणं) आणि माहीत असलेल्या रेषांचा तुलनेचा दिवा दोन्ही लागतात. वर्षभर ग्रेटिंगवर हात बसल्याशिवाय तो खर्च करू नका.

पहिल्या रात्रीपासून प्रत्येक फाइलच्या नोंदीत तारा, दुर्बीण, ग्रेटिंगचं अंतर, एक्स्पोजर, ताऱ्याची उंची, संदर्भ तारा आणि वेळ लिहा. अमेरिकन संघटना आव्सोच्या (AAVSO) संग्रहात हौशी निरीक्षकांचे वर्णपट ठेवले जातात, तिथे वेळ जागतिक प्रमाणवेळेत लागते. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. रात्री एक वाजता घेतलेल्या वर्णपटाची तारीख त्यामुळे आदल्या दिवसाची होते, १९:३०. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या आणि फिट्स फाइलमध्ये वेळ स्थानिक उतरते की जागतिक, हे एकदा उघडून पाहा.